नारळ-सुपारीच्या बागेत बारमाही हिरवे आच्छादन : पिंटोई भुईमुगाची लागवड आणि निगा

नारळ किंवा सुपारीच्या बागेचा वर्षाचा हिशेब मांडला, तर बेणणीची मजुरी हा त्यातला मोठा आकडा निघतो. जून ते ऑक्टोबर या काळात दोन-तीन वेळा तण काढावे लागते. मजूर मिळाले नाहीत की तणनाशक मारले जाते, जमीन उघडी पडते आणि पुढच्याच मुसळधार पावसात मातीचा वरचा सुपीक थर वहाळात जातो. हा दुसरा खर्च कोणी वहीत लिहीत नाही. पण जांभ्या जमिनीत मुळात मातीचा थर कमी, त्यामुळे गेलेली माती परत मिळत नाही.

झाडांच्या मधली जमीन वर्षभर हिरव्या पाल्याने झाकून ठेवणे हा यावरचा एक चांगला उपाय आहे. त्यासाठी पिंटोई भुईमूग ही जमिनीलगत पसरणारी बहुवर्षीय वनस्पती उपयोगी पडते. मात्र ती प्रत्येक बागेसाठी नाही. पहिले सहा महिने लक्ष देण्याची तयारी नसेल, तर ती लावूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पिशव्या आणून लावल्या आणि विसरले, अशी जितकी आच्छादने मी पाहिली, त्यातली बहुतेक दुसऱ्या पावसाळ्यात तणाखाली गेलेली होती.

वनस्पतीची ओळख

आपल्या नेहमीच्या भुईमुगाच्या अरॅकिस या वंशातलीच (जीनस) ही वनस्पती. शास्त्रीय नाव अरॅकिस पिंटोई. मूळ ब्राझीलची. १९५४ मध्ये गेराल्डो पिंटो या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती तिथून गोळा केली, त्यांच्यावरून हे नाव पडले. ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये ‘अमारिलो’ हा वाण प्रसारित झाला, तो चाऱ्यासाठी आणि फळबागेतील आच्छादनासाठी. आपल्याकडील रोपवाटिकांत ती बहुधा शोभेची वनस्पती म्हणून मिळते आणि पिंटोई, अरॅकिस किंवा पिवळा भुईमूग अशा नावांनी विकली जाते.

तिची खोडे जमिनीवर सरपटतात आणि प्रत्येक पेराला मुळे फुटतात. पानाला चार पर्णिका असतात, त्या रात्री मिटतात. फूल पिवळे, भुईमुगाच्याच आकाराचे. फूल गळाल्यावर आऱ्या जमिनीत जातात आणि तिथे लहान, बहुधा एकदाण्याची शेंग धरते. शेंगा मातीत विखुरलेल्या असल्याने बियाणे गोळा करणे कष्टाचे आणि म्हणून महाग. आपल्यासाठी काड्या लावणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

रबराच्या बागेत आच्छादनासाठी प्युरेरिया किंवा मुकुना लावतात. दोडामार्गकडील काहींना त्यांचा अनुभव असेल. त्या वेली झपाट्याने पसरतात, पण झाडावरही चढतात, आणि वर्षभर कोयता घेऊन त्यांच्या मागे फिरावे लागते. पिंटोई चढत नाही. उन्हात तिची उंची वीतभर राहते, सावलीत थोडी जास्त वाढते. नारळ-सुपारीत तिला पसंती देण्याचे हे मुख्य कारण.

खरेदी करताना : वेडेलिया घेऊ नका

पिंटोई मागितली आणि वेडेलिया हातात पडली, असे पुष्कळदा होते. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हींना पिवळी फुले येतात आणि दोन्ही ‘ग्राउंड कव्हर’ म्हणून विकल्या जातात. फरक मात्र फार मोठा आहे. वेडेलिया ही सूर्यफुलाच्या कुळातली. ती शेंगवर्गीय नाही, त्यामुळे मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. छाटून वहाळाकाठी टाकलेली तिची काडीसुद्धा तिथे रुजते, आणि मग तो काठ तिचा होतो.

ओळखणे अवघड नाही. वेडेलियाचे फूल लहान सूर्यफुलासारखे, मधे चकती आणि भोवती पाकळ्या. पाने एकेकटी, जाडसर, चकचकीत, कडेला तीन खाचा असल्यासारखी, खोडावर समोरासमोर. पिंटोईचे पान चार पर्णिकांचे, फूल भुईमुगाचे. फूल नसेल तर पर्णिका मोजाव्यात. तुमच्या बागेत आधीच वेडेलिया असेल, तर ती मुळासकट काढून उन्हात पूर्ण वाळवावी. ओल्या खतखड्यात किंवा ओढ्यात टाकू नये.

‘सदाहरित’ म्हणजे किती हिरवी?

माहितीपत्रकांत ही वनस्पती सदाहरित असे लिहिलेले असते. ते खरे आहे, पण पाणी असेल तरच. वर्षाला साधारण ११०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि तोही बराच विभागून पडणाऱ्या प्रदेशातली ही वनस्पती. कोकणात पाऊस ३००० मिलिमीटर पडत असला, तरी तो चार महिन्यांत संपतो आणि पुढे सात महिने कोरडे जातात. तीन-चार महिन्यांचा कोरडा काळ ती पाने गाळून सोसते. त्यापुढे जांभ्यावरच्या उथळ मातीत तिची खोडेही वाळू लागतात. मुळे जिवंत राहिली, तर जूनमध्ये पुन्हा फुटते, पण मधल्या विरळ जागेत तण आधी उगवते.

म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. पाटाचे किंवा सूक्ष्म तुषारचे पाणी संपूर्ण जमिनीवर फिरणारी सुपारीची बाग या दृष्टीने उत्तम. नारळाला फक्त आळ्यात ठिबकने पाणी देत असाल, तर आळ्याबाहेरचे आच्छादन मार्चनंतर पिवळे पडणार हे धरून चालावे. तशा बागेत ते पावसाळी आच्छादन म्हणूनच उपयोगी. जमिनीची धूप रोखण्याचे काम तेवढ्यातही होते, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. विहीर एप्रिलमध्ये तळ गाठत असेल, तर आच्छादन हिरवे ठेवण्यासाठी वेगळे पाणी देऊ नका. ते पाणी नारळाचे आहे.

दुसरा प्रश्न सावलीचा. पिंटोई मध्यम सावली चांगली सोसते, फुले मात्र कमी येतात. नारळाच्या बागेत पहिली सात-आठ वर्षे आणि पुन्हा २५ वर्षांनंतर जमिनीवर पुरेसा उजेड येतो. मधल्या वयात झावळ्यांची सावली दाट असते, तेव्हा वाढ विरळ राहते. जुन्या दाट सुपारीतही तसेच. दुपारी बागेत उभे राहून पाहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे नीट पडत नसतील, तर तिथे खर्च करू नये.

जमिनीबाबत ती फारशी चोखंदळ नाही. आम्ल जांभी जमीन, जिथे इतर शेंगवर्गीय पिके कुरकुरतात, तिथे ती चालते. निचरा हवा. क्षारयुक्त जमीन तिला सोसत नाही. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात, त्यामुळे देशावरच्या तशा काळ्या जमिनींसाठी मी तिची शिफारस करत नाही.

कुठे लावू नये

काजूखाली नको. काजूची बोंडे खाली पडतात आणि बी वेचून घ्यावी लागते. वीतभर पाल्यात बी सापडत नाही, वेचणीचा वेळ वाढतो आणि राहिलेली बी ओलाव्याने काळी पडते. हवेच असेल, तर काजूच्या झाडाचा घेर सोडून फक्त बांधावर लावावे.

हापूसच्या बागेबाबत मी स्वतः एकदा चुकलो आहे. एका शेतकऱ्याने कलमांच्या ओळींत पिंटोई लावली होती, माझ्याच सल्ल्याने. पहिले वर्ष सुरेख गेले. ऑक्टोबर संपल्यावर आच्छादन सुकू लागले, म्हणून त्यांनी मला न विचारता आठवड्याला पाणी सुरू केले. विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण पावसानंतर पाणी द्यायचे नाही हे मीच त्यांना बजावून सांगितले नव्हते. आंब्याला मोहोर येण्याआधी पावसानंतरचा ताण लागतो. त्या ओळींत मोहोराऐवजी पालवी आली, आणि शेजारच्या उघड्या ओळी मोहरल्या. शिवाय पॅक्लोब्युट्राझोल बुंध्याभोवतीच्या मातीत द्यायचे असते, तिथे आच्छादनाची अडचण होतेच. आंब्यात लावायचेच असेल, तर उतारावरील दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात आणि पावसानंतर पाणी न देण्याच्या अटीवर. डाळिंबाला बहारासाठी ताण देणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आधी मातृवाफा

एका गुंठ्याला काड्या किती लागतात, हे आधी बघा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक फूट अंतरावर, जागी दोन काड्या धरल्या, तर सुमारे २२०० काड्या. पिशवीतील रोपे विकत घेऊन एकरभर लावणे कोणालाच परवडणार नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी थोडी रोपे आणावीत आणि विहिरीजवळ, भरपूर उजेडात, अर्ध्या गुंठ्याचा मातृवाफा करावा. पुढच्या पावसाळ्यात त्यातूनच बागेसाठी काड्या काढाव्यात. वर्ष थांबावे लागते, पण तेवढ्यात ही वनस्पती तुमच्या जमिनीत कशी वागते तेही कळते. कृषी सहायकांनीही प्रात्यक्षिक द्यायचे असेल, तर आधी गावात असा एक वाफा उभा करावा. एका वाफ्यावरून अनेकांना काड्या देता येतात.

जमिनीची तयारी आणि लावणी

लावणीपूर्वी हरळी आणि लव्हाळा संपवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. ओसाडी, दुधाणी यांसारखी वर्षायू तणे पिंटोई पुढे दाबून टाकते. हरळी आणि लव्हाळा ती दाबू शकत नाही. एकदा तिच्या जाळीत हे दोन्ही शिरले की निवडून काढता येत नाहीत. उन्हाळ्यात जमीन खणून हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचाव्यात. पहिल्या पावसानंतर उगवलेले तण दोन-तीन आठवडे येऊ द्यावे, उथळ खुरपून काढावे आणि मगच लावणी करावी. खोल खणू नये, नाहीतर खालचे बी वर येते.

सपाट बागेत जूनअखेर ते जुलै हा लावणीचा काळ. उतारावर मी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा पसंत करतो. जुलैच्या झडीत काड्या वाहून जातात, तर ऑगस्टनंतर सरी सौम्य होतात आणि मुळे धरायला दीड-दोन महिने ओलावा मिळतो. उतारावर ओळी समपातळीत घ्याव्यात आणि अंतर २० सेंटिमीटरपर्यंत कमी करावे.

पक्व, हिरव्या खोडाच्या १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या, तीन-चार पेरांच्या काड्या घ्याव्यात. टोकाचे अगदी कोवळे भाग सुकतात. काड्या कापल्यावर सावलीत ओल्या गोणपाटात ठेवाव्यात आणि शक्यतो त्याच दिवशी लावाव्यात. दोन पेरे मातीत जातील अशा तिरप्या खोचून माती घट्ट दाबावी. सैल माती हेच काड्या मरण्याचे नेहमीचे कारण असते.

गुंठ्याला एक-दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आणि अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळावे. जिवाणूंबाबत थोडे सविस्तर. आपल्या जमिनीतील रायझोबियम पिंटोईच्या मुळांवर गाठी करतात, पण त्या नत्र स्थिर करण्याचे काम नीट करतीलच असे नाही. बाजारातील भुईमुगाच्या संवर्धनाबाबतही तीच शंका राहते. जुन्या, गडद हिरव्या वाफ्यातील पाटीभर माती आणून शेणकाल्यात कालवावी, त्यात काड्यांची टोके बुडवून लावावीत. दोन महिन्यांनी एक रोप हळुवार उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी-लालसर असेल, तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, तर नाही.

लावणीनंतर महिना-दीड महिना पाने फिकट दिसतात. घाबरू नये, गाठी तयार होईपर्यंत तसेच असते. फारच फिकट दिसली, तर गुंठ्याला अर्धा किलो युरिया एकदाच द्यावा. पुन्हा पुन्हा युरिया दिला, तर गाठी होत नाहीत आणि तणच माजते.

पहिले सहा महिने

पिंटोई सुरुवातीला अतिशय हळू वाढते. पहिले दोन महिने तर लावले की नाही अशी शंका येते. याच काळात दर तीन आठवड्यांनी हाताने तण काढावे लागते, साधारण चार-पाच वेळा. बेणणी वाचवण्यासाठी लावलेले आच्छादन पहिल्या वर्षी बेणणी वाढवते. हे शेतकऱ्याला आधीच सांगावे, नाहीतर तो सप्टेंबरमध्ये ग्रासकटर फिरवून मोकळा होतो.

तणनाशकाचा मोह या काळात होतो. पिंटोईसाठी शिफारस केलेले तणनाशक लेबलवर सापडणार नाही, आणि भुईमुगाला चालते म्हणून हिलाही चालेल असे गृहीत धरू नये. क्षेत्र हाताने सांभाळता येईल इतकेच घ्यावे. एका कुटुंबाला पहिल्या वर्षी चार-पाच गुंठे पुरे. पाऊस थांबल्यावर मुळे पक्की होईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, जमिनीच्या मगदुराप्रमाणे सहा ते आठ दिवसांनी पाणी द्यावे.

पुढची निगा

जमीन पूर्ण झाकल्यावर काम कमी होते, संपत नाही. पाऊस संपताना ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मेअखेर आच्छादन सात-आठ सेंटिमीटर उंची ठेवून कापावे. वर डोकावणारी तणे त्याच वेळी कापली जातात. कापलेला पाला तिथेच पडू दिला, तर कुजून त्यातील नत्र हळूहळू मुख्य पिकाला मिळते. जिवंत वेलीतून ते थेट मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षी नारळाची नेमून दिलेली खते कमी करू नयेत. पुढेही माती परीक्षण करूनच ठरवावे. स्फुरद आणि पालाश तर ही वनस्पती स्वतःच जमिनीतून उचलत असते.

नारळाचे १.८ मीटर त्रिज्येचे आळे कायम मोकळे ठेवावे. साडेसात मीटर अंतरावरील बागेत त्यामुळे फक्त १८ टक्के जमीन उघडी राहते. खते देण्याच्या प्रत्येक वेळी आळ्यात शिरलेल्या वेली कुदळीने तोडाव्यात. याच काड्या पुढच्या लावणीला वापरता येतात. सुपारीवर चढवलेल्या मिरीच्या बुंध्याभोवती दोन फूट तरी जागा उघडी असावी, कारण तिथे साचलेला ओलावा मररोगाला पोषक ठरतो.

सुपारीत आणखी एक काळजी. पावसाळ्यात कोळेरोगाने गळलेली फळे पाल्यात लपतात आणि रोग बागेतच राहतो. अशा बागेत जूनची कापणी चुकवू नये आणि गळलेली फळे आठवड्याला वेचून बागेबाहेर नष्ट करावीत. जिथे कोळेरोग दरवर्षी जोरात येतो, तिथे आधी रोग आटोक्यात आणावा, आच्छादनाचे नंतर पाहावे.

चारा म्हणून पाला उत्तम. वाळलेल्या वजनावर कच्ची प्रथिने १३ ते २५ टक्के असतात आणि गुरे आवडीने खातात. तरी तो सुक्या चाऱ्यात मिसळून द्यावा, आणि वर नारळावर फवारणी झाली असेल, तर कीटकनाशकाच्या लेबलवरील काळ संपेपर्यंत कापू नये. चाऱ्यासाठी पाला सतत बाहेर नेणार असाल, तर जमिनीला नत्र मिळेल ही अपेक्षा सोडावी. दोन्ही एकाच वेळी होत नाही. शेण परत बागेत आले, तर गोष्ट वेगळी.

किडींचा त्रास कमी असतो. कोरड्या हवेत लाल कोळी पाने फिकट करतो. पाणी फवारले किंवा कापणी केली की बहुधा भागते. गोगलगायींना मात्र ही ओलसर सावली फार आवडते. पावसाच्या सुरुवातीला संध्याकाळी ओली गोणपाटे जागोजागी पसरावीत आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

सापाची भीती बायामाणसे हमखास बोलून दाखवतात, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. बागेत काम त्यांनाच करायचे असते. ये-जा करण्याच्या वाटा तीन फूट रुंद आणि उघड्या ठेवाव्यात. विहीर, पंप, घराचे अंगण यांच्याजवळ आच्छादन लावू नये. शेंगांसाठी उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप येतो. उंदरांची ताजी बिळे दिसली की लगेच बंदोबस्त करावा.

परसबागेत हिरवळीऐवजी पिंटोई लावणाऱ्यांसाठी एवढेच, की तिला दर आठवड्याची कापणी लागत नाही, अधूनमधून चाललेलेही सोसते. पण सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा लहान मुले अनवाणी खेळतात ती जागा सोडून लावावी.

काढून टाकायचे ठरले तर

एकदा उपटून ती जात नाही, कारण मातीतील शेंगांतून आणि राहिलेल्या पेरांतून पुन्हा फुटते. उन्हाळ्यात पाणी पूर्ण तोडून, खणून, वर आलेल्या खोडांचे तुकडे वाळवावेत. पुढच्या पावसात उगवलेली रोपे लहान असतानाच काढावीत. दोन हंगाम हे काम चालते. त्यामुळे जिथे पुढे हळद, सुरण किंवा भाजीपाल्याचे आंतरपीक घ्यायचा विचार आहे, ती जागा सुरुवातीलाच वगळावी.